अधिकार खाली आणि पैसा वर, असं स्वशासन चालत नाही

(कार्यकर्ता शिबिरात तिसऱ्या दिवशी सकाळी झालेल्या भाषणाचा मजकूर. बोलताना जे पावरीत आणि भिलोरीत सांगितलं ते इथे मराठीत केलं आहे. ज्या साथीला वाचता येतं त्याने आपल्या पाड्यात हे मोठ्याने वाचून दाखवावं.)



सगळे कारभारी, जुने साथी, आणि मागे बसलेल्या मायबहिणींनो, तुम्ही थोड्या पुढे या. विषय पैशाचा आहे आणि घरचा पैसा तुम्हीच सांभाळता.

मला दिलेला विषय ऐकून काल रात्री जेवताना एक काका हसले. म्हणाले, "माझ्या नेवाडाची दंडाची पावती सापडत नाही, अन् तू आम्हाला परदेशातली सरकारं सांगणार?" काका, तुमचं खरं आहे. पण मी सांगणार आहे ती गोष्ट शेवटी तुमच्या पावतीपाशीच येते. थोडा धीर धरा.

आधी माझ्या पाड्याचं सांगतो. गेल्या वर्षी आमच्या पाड्याखालच्या नाल्यात एक बंधारा झाला. जिथे बांधला तिथे खाली नुसती वाळू आहे, पाणी थांबत नाही. हे आमच्याकडे बकऱ्या राखणाऱ्या पोरांनाही ठाऊक आहे. अर्ध्या कोसावर वर खडकाची चांगली जागा होती. मी एका कचेरीत विचारायला गेलो. तिथले साहेब म्हणाले, "निधी वरून आला, जागा वरून मंजूर झाली." मी विचारलं, मग गावाला का नाही विचारलं? त्यांनी फाईल काढली. म्हणाले, "हा काय ग्रामसभेचा ठराव, अंगठे आहेत." मी बघितलं. त्यात माझ्या बापाचाही अंगठा होता. त्या तारखेला माझा बाप गुजरातमध्ये ऊसतोडीला होता.

साथींनो, कागदावर आमच्या गावाला अधिकार होता. ठराव करण्याचा अधिकार होता म्हणून तर खोटा ठराव करावा लागला. पण पैसा आमच्या हातात नव्हता, हिशोब आमच्या हातात नव्हता. म्हणून तो अधिकार अंगठ्यापुरताच उरला.

काल गटचर्चेत आपल्यात दोन मतं पडली. काही साथी म्हणाले, आदिवासींचं वेगळं राज्य पाहिजे, नाहीतर निदान आसाम-मेघालयासारखी स्वायत्त जिल्हा परिषद पाहिजे. दुसरे म्हणाले, ते काही नको, ग्रामसभा बळकट करा. आवाज चढले, तेही बरं झालं. पण भांडण्याआधी बघू, ज्या देशांत सत्ता वाटून दिली आहे तिथे काय झालं. एका शिबिरात एका प्राध्यापकांनी हे शिकवलं, मग मी तालुक्याच्या वाचनालयात बसून वाचलं. बारावी शिकलेला माणूस आहे, जेवढं नीट समजलं तेवढंच सांगतो.

संघराज्य म्हणजे काय

काही देशांत एकच सरकार असतं आणि बाकीचे त्याचे नोकर. काही देशांत राज्यघटनेतच लिहिलेलं असतं की एवढी कामं केंद्राची, एवढी राज्यांची. त्याला संघराज्य म्हणतात. भारत तसा आहे, कॅनडा, स्वित्झर्लंड, नायजेरियाही तसेच आहेत. पण कामं वाटून दिली म्हणजे सगळं झालं असं नाही. घरात मोठ्या मुलाला वेगळं काढलं, झोपडी दिली, बैल दिला, पण धान्याची कोठी बापाच्याच घरात ठेवली, तर ते पोरगं वेगळं झालं का? रोज पायली घेऊन बापाच्या दारात उभं राहणार.

म्हणून कुठल्याही देशाकडे बघताना मी तीन प्रश्न विचारतो. तुम्ही पण ध्यानात ठेवा.

पहिला: जमीन, पाणी, जंगल यातून जो पैसा निघतो तो कोणाचा?

दुसरा: तो पैसा कुठपर्यंत खाली येतो आणि कुठे अडतो?

तिसरा: गाव "नाही" म्हणू शकतं का?

नायजेरिया: पैसा अर्ध्या वाटेत थांबला

नायजेरिया आफ्रिकेतला मोठा देश. तिथेही इंग्रजांचं राज्य होतं, १९६० साली तो स्वतंत्र झाला. तिथे नायजर नावाची मोठी नदी समुद्राला मिळते, त्या भागात १९५६ साली जमिनीखाली तेल सापडलं. तिथले लोक मासेमारी करणारे, शेती करणारे.

स्वातंत्र्याच्या वेळी नियम होता की ज्या भागातून खनिज निघतं त्या भागाला त्याच्या उत्पन्नातला ५० टक्के वाटा. म्हणजे रुपयातले आठ आणे. पुढे लष्कराची राजवट आली. तेलाचा पैसा वाढत गेला आणि हा वाटा कमी होत गेला. १९८० नंतरच्या काही वर्षांत तो दीड टक्क्यावर आला. आठ आण्याचे दीड पैसे झाले! १९९२ मध्ये तीन टक्के केला. मधल्या काळात, १९७८ साली, एक जमीन कायदा झाला आणि राज्यातली जमीन त्या राज्याच्या गव्हर्नरच्या ताब्यात गेली. आपल्याकडे इंग्रजांनी जंगल सरकारजमा केलं तसंच हे. माणूस तीच जमीन कसत राहिला, कागदावर मालक दुसराच.

त्या भागात ओगोनी नावाचा समाज आहे. सुमारे पाच लाख लोक, देशाच्या मानाने लहान. तेल त्यांच्या शेताखालून गेलं, तेलाची गळती त्यांच्या शेतात आणि ओढ्यात आली, दिवे मात्र दुसऱ्या शहरांत लागले. त्यांनी १९९० साली आपल्या हक्कांचा जाहीरनामा काढला. ४ जानेवारी १९९३ ला सुमारे तीन लाख ओगोनी रस्त्यावर आले. एका समाजातले निम्म्याहून जास्त लोक एका दिवशी मोर्चात! त्यांचे एक पुढारी केन सारो-वीवा, लेखक माणूस. त्यांना आणि त्यांच्या आठ साथींना लष्करी सरकारने १० नोव्हेंबर १९९५ ला फाशी दिली.

(इथे शिबिरात सगळ्यांनी उभं राहून एक मिनिट शांतता पाळली.)

१९९९ साली तिथे लष्कराची राजवट संपली आणि नवी राज्यघटना लागू झाली. तिच्यात लिहिलं आहे की खनिजाच्या उत्पन्नातला किमान १३ टक्के वाटा ते जिथून निघालं त्या राज्याला द्यायचा. लढ्यामुळे मिळालं, हे विसरायचं नाही. पण नीट वाचा, कोणाला द्यायचा? राज्याला. म्हणजे गव्हर्नरच्या तिजोरीत. त्या देशात ३६ राज्यं आहेत आणि घटनेत ७७४ स्थानिक सरकारं लिहिली आहेत. पण त्या घटनेप्रमाणे स्थानिक सरकारांना केंद्राकडून जो वाटा मिळायचा तो पण आधी राज्याच्या एका संयुक्त खात्यात जमा व्हायचा आणि तिथून राज्य वाटायचं. म्हणजे दिल्लीहून सुटलेलं पाणी मुंबईच्या बंधाऱ्यात अडतं, तसंच तिथे.

आपले तीन प्रश्न लावा. पैसा कोणाचा? थोडा स्थानिक भागाचा, हे घटनेत आलं. कुठे अडतो? राज्याच्या राजधानीत. गाव "नाही" म्हणू शकतं का? जमीनच गव्हर्नरच्या ताब्यात, तर गाव काय म्हणणार?

वेगळं राज्य मागणाऱ्या साथींनी हे उदाहरण मनात ठेवावं.

स्वित्झर्लंड: गावसभा कर ठरवते

आता उलटं उदाहरण. स्वित्झर्लंड हा युरोपातला डोंगराळ देश. आपल्या महाराष्ट्रात तसे सात देश मावतील एवढाच. तिथल्या राज्यांना कॅन्टन म्हणतात, ते २६ आहेत. त्यांच्या खाली १९९९ साली सुमारे २,९०० गावं आणि शहरं होती, आणि प्रत्येकाला स्वतःचा कर बसवण्याचा अधिकार आहे. घरपट्टी-पाणीपट्टीपुरता नव्हे, माणसाच्या कमाईवरचा कर. आपल्याकडे तो दिल्ली घेते. तिथे केंद्र घेतं, कॅन्टन घेतं आणि गाव पण घेतं. बहुतेक लहान गावांत सगळे मतदार सभेला बसतात, वर्षाचा खर्च किती, शाळेला किती, रस्त्याला किती हे ठरवतात आणि त्या हिशोबाने यंदा कर किती घ्यायचा ते हात वर करून ठरवतात.

 ज्या सभेत आपल्या खिशातला पैसा ठरतो त्या सभेला कोण नाही जाणार? आपल्याकडे लोक ग्रामसभेला येत नाहीत अशी अधिकाऱ्यांची तक्रार असते. तिथे ठरवण्यासारखं ठेवलंय काय तुम्ही?

पाण्याची गोष्ट त्याहून महत्त्वाची. तो डोंगरांचा देश, धरणांवर वीज होते. तिथे वीज कंपनीला पाणी वापरायचं भाडं द्यावं लागतं. १९१६ सालचा कायदा आहे. हे भाडं दर वर्षी द्यायचं, एकदा भरपाई देऊन मोकळं व्हायचं नाही. काही कॅन्टनांत, जसं ग्राउब्युंडेनमध्ये, पाण्याचा हक्क गावांचा आहे, म्हणून भाड्यात गावाचा वाटा असतो. परवाना जास्तीत जास्त ८० वर्षांचा. मुदत संपली की धरण, बोगदे, पाण्याची यंत्रं परवाना देणाऱ्याकडे परत येऊ शकतात. म्हणजे नातवाच्या काळात धरण गावाचं!

आणि तिसरा प्रश्न. ग्राउब्युंडेनमध्ये ऱ्हाइन नदीच्या वरच्या अंगाला एक खोरं आहे, रायनवाल्ड. तिथे मोठं धरण बांधायचा बेत झाला. स्प्ल्युगेन, मेडेल्स आणि नुफेनेन या तीन गावांची जमीन आणि घरं त्यात जाणार होती. युद्धाचा काळ होता, देशाला विजेची गरज होती. तीनही गावांनी सांगितलं, परवाना देणार नाही. कंपन्या कॅन्टनच्या सरकारकडे गेल्या. कॅन्टनने गावांची बाजू घेतली. कंपन्या केंद्राकडे गेल्या. १९४६ साली केंद्र सरकारनेही सांगितलं, पाणी देणं न देणं हा गावांचा हक्क आहे. धरण झालं नाही. ती गावं आजही तिथे आहेत.

आणि आपलं मणिबेली? मणिबेलीच्या लोकांनीही नाही म्हटलं, छातीएवढ्या पाण्यात उभं राहून म्हटलं. धैर्य काही कमी नव्हतं. फरक एवढाच की तिथे गावाचं "नाही" कायद्यात बसत होतं, आपलं बसत नव्हतं. म्हणून आपल्या माणसांना पाण्यात उभं राहावं लागलं.

पण साथींनो, स्वित्झर्लंड म्हणजे स्वर्ग नाही. ज्या देशात सभेत हात वर करून सगळं ठरतं त्या देशात बायांना देशाच्या निवडणुकीत मत द्यायला १९७१ साल उजाडावं लागलं. आपल्या बाया पहिल्या निवडणुकीपासून मत देतात! तिथे आपेनझेल नावाच्या भागातल्या एका छोट्या कॅन्टनमध्ये सगळ्या पुरुषांची सभा मैदानात भरायची. त्यांनी १९९० सालीही बायांना सभेत घ्यायला नकार दिला. शेवटी त्याच वर्षी देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने हुकूम केला, तेव्हा बाया सभेत आल्या. म्हणजे स्थानिक सत्ता आपोआप न्यायाची होत नाही. हे मी मागे बसलेल्या मायबहिणींसाठी नाही, पुढे बसलेल्या कारभाऱ्यांसाठी सांगतोय.

कॅनडा: लाहसारखा हक्काचा वाटा

आता एक काका विचारतील, आमच्या पाड्यात कर कोणावर बसवायचा? कमाई आहे कुठे? खरी गोष्ट आहे. प्रत्येक गावाने आपापलं कमवून आपापलं खायचं म्हटलं तर ज्याच्याकडे बागायत आहे त्याचं भलं, डोंगरातला उपाशी. म्हणून नुसतं "आमचा पैसा आम्हाला" एवढं म्हणून भागत नाही.

याचं उत्तर कॅनडात बघायला मिळतं. तिथे १९५७ पासून एक पद्धत आहे. ज्या प्रांतांची कमाई कमी, त्यांना केंद्र आपल्या तिजोरीतून रक्कम देतं, म्हणजे तिथल्या माणसालाही जास्त कर न भरता इतरांसारखी शाळा, दवाखाना मिळावा. ती रक्कम कशावर खर्च करायची ते प्रांत ठरवतो. १९८२ साली हे तत्त्व घटनेत लिहिलं. म्हणजे ते दान नाही, देणं आहे.

आपल्याला हे नवीन नाही. आपल्याकडे लाह आहे. एकाच्या शेतात निंदणी असली की सगळा पाडा जातो, उद्या दुसऱ्याच्या शेतात. ज्याच्या घरी माणसं कमी त्याच्या शेतातही तेवढेच हात लागतात. त्याला कोणी भिकारी म्हणत नाही. सरकारी योजना मात्र आपल्याला लाभार्थी म्हणते. लाहमध्ये लाभार्थी नसतो.

कॅनडाची दुसरी गोष्ट ऐका. तिथे उत्तरेला बर्फाच्या मुलखात इनुइट लोक राहतात, शिकार आणि मासेमारी करणारे, तिथले मूळचे लोक. कित्येक वर्षं बोलणी करून १९९३ मध्ये त्यांनी सरकारशी करार केला आणि १ एप्रिल १९९९ ला त्यांचा नुनावुत नावाचा वेगळा प्रदेश झाला. महाराष्ट्राच्या सहापट मुलूख आणि माणसं किती, तर आपल्या एका लहान तालुक्यापेक्षाही कमी, तेव्हा तीस हजारांच्या आत. त्यांच्यातले शंभरात ८५ इनुइट. विधानसभा त्यांची, भाषा त्यांची, आणि तिथे पक्ष नाहीत, सगळे एकत्र बसून ठरवतात.

करारात काय मिळालं? सुमारे साडेतीन लाख चौरस किलोमीटर जमीन इनुइटांच्या मालकीची. त्यातल्या साधारण दहाव्या हिश्श्यात जमिनीखालच्या खनिजाचाही हक्क. चौदा वर्षांत मिळून सुमारे ११५ कोटी डॉलर. आणि सरकारला त्या मुलखातल्या खनिजावर जे स्वामित्वधन मिळेल त्यातल्या पहिल्या २० लाख डॉलरमध्ये निम्मा आणि त्यावरच्या रकमेत पाच टक्के वाटा. त्याबदल्यात काय दिलं? बाकीच्या मुलखावरचा आपला वडिलोपार्जित हक्क कायमचा सोडला. हे लक्षात ठेवा, कोणताही करार वाचताना काय मिळालं याच्या खाली काय सोडलं हे पण वाचायचं.

आणि पैशाचं काय? सुरुवातीला नुनावुतच्या सरकारला लागणाऱ्या शंभर रुपयांतले नव्वदच्या आसपास राजधानी ओटावाहून येत होते. बाकीची जमीन आणि तिच्याखालचं खनिज तेव्हा केंद्राकडेच राहिलं. म्हणजे विधानसभा घरी आली, कोठीची किल्ली दूर राहिली. तरी त्यांच्याकडे एक मोठी गोष्ट आहे. आलेला पैसा कशावर घालायचा हे त्यांचेच निवडलेले लोक त्यांच्याच भाषेत ठरवतात.

आपल्या देशात कुठे अडतं

आता घरी येऊ. आपल्या घटनेच्या कलम २८० प्रमाणे दर पाच वर्षांनी वित्त आयोग बसतो आणि केंद्राच्या करातला राज्यांचा वाटा ठरवतो. १९९९ साली अकरावा आयोग काम करत होता. म्हणजे दिल्लीहून मुंबईपर्यंत पैसा हक्काने येतो. मुंबईच्या खाली काय? ७३ वी घटनादुरुस्ती झाली, १९९३ पासून लागू आहे. पण तिच्यात लिहिलंय की पंचायतीला अधिकार आणि कर राज्याचं विधिमंडळ देईल तेवढे. म्हणजे मुंबईच्या खाली मर्जी.

आदिवासी उपयोजनेत महाराष्ट्राने सुकथनकर समितीच्या शिफारशीनंतर १९९३-९४ पासून एक चांगलं केलं. आदिवासींच्या लोकसंख्येइतका, म्हणजे राज्याच्या योजनेतला ९ टक्के पैसा वेगळा काढायचा ठरलं. हे लाहच्या जवळ जाणारं आहे. पण तो खर्च कुठे करायचा हे कोण ठरवतं? खातं ठरवतं. माझ्या पाड्यातला बंधारा कसा वाळूत गेला ते तुम्ही ऐकलंत.

मग आला १९९६ चा पंचायत विस्ताराचा कायदा, ज्याला आपण स्वशासनाचा कायदा म्हणतो. २४ डिसेंबर १९९६ ला तो लागू झाला. त्याच्या चौथ्या कलमातल्या काही गोष्टी पाठ करून ठेवा.

एक, गाव म्हणजे महसुली नकाशातलं गाव नव्हे. आपली रीत सांभाळून राहणारी वस्ती, पाडासुद्धा गाव होऊ शकतो.

दोन, विकासाची कामं सुरू होण्याआधी ग्रामसभेने मंजूर केली पाहिजेत.

तीन, पैसा खर्च झाल्यावर तो बरोबर खर्च झाला असा दाखला पंचायतीने ग्रामसभेकडूनच घ्यायचा.

चार, गौण वनउपजाची मालकी, आणि आदिवासी उपयोजनेसकट स्थानिक योजना व त्यांच्या साधनांवर नियंत्रण ग्रामसभेला आणि योग्य त्या पातळीवरच्या पंचायतींना.

चांगलं लिहिलंय की नाही? आता ढिलं कुठे ते बघा. जमीन संपादन करण्याआधी ग्रामसभेचा "किंवा" योग्य पातळीवरच्या पंचायतीचा सल्ला घ्यायचा. रायनवाल्डमध्ये गावाची परवानगी लागत होती, आपल्याकडे या कायद्यात सल्ला. आणि तो "किंवा" शब्द! ग्रामसभेला न विचारता वरच्या पंचायतीला विचारलं तरी काम भागलं. बांबूचं तसंच. १९२७ च्या वन कायद्यात झाडाच्या व्याख्येत २०१७ पर्यंत बांबू घातलेला होता, म्हणून खातं म्हणायचं की ते गौण वनउपज नाहीच. एका शब्दात बांबूची सगळी कमाई गेली. काका, तुमच्या पावतीचं पण हेच आहे. जमीन कसली तुम्ही, दंड भरला तुम्ही, पण नोंद त्यांच्या दप्तरात. दप्तर ज्याच्या हातात, पैसा अन् जमीन त्याच्या हातात.

कालच्या भांडणाचं उत्तर

सहाव्या अनुसूचीची परिषद मागणारे साथी चुकीचे नाहीत. त्या परिषदांना कर बसवण्याचा अधिकार आहे, स्वतःचा जिल्हा निधी आहे, खनिजाच्या स्वामित्वधनात वाटा आहे, हे घटनेत लिहिलेलं आहे. स्वशासनाच्या कायद्यातच म्हटलंय की अनुसूचित क्षेत्रात जिल्हा पातळीवर राज्यांनी त्या नमुन्याकडे जाण्याचा प्रयत्न करावा. ती मागणी आपण सोडायची नाही. पण त्या अनुसूचीत निधी जिल्ह्याचा लिहिला आहे, गावाचा लिहिलेला नाही. वर आदिवासी बसला म्हणून पैसा खाली येतो असं नाही. नायजेरियात गव्हर्नरही त्याच मुलखातले असतात.

म्हणून माझं म्हणणं असं आहे. आपल्याला तीन गोष्टी एकत्र मागाव्या लागतील. आपल्या जंगल, जमीन, पाण्यातून जे निघतं त्यात गावाचा लिहिलेला वाटा. देशाच्या सामाईक कोठीतून लाहसारखा हक्काचा वाटा, जो कोणाच्या मर्जीवर नसेल. आणि "नाही" म्हणण्याचा अधिकार. यातली एक जरी सुटली तरी बाकीच्या दोन टिकत नाहीत. राज्य, जिल्हा परिषद, जे काही नाव द्यायचं ते द्या, पण मागणीपत्रात "ग्रामसभेच्या खात्यात" हे शब्द नसतील तर सही करू नका.

आपल्या हातात पैसा आला तर?

आता एक कडू गोष्ट. आपल्या हातात पैसा आला तर आपण नीट सांभाळू का? माझ्याच पाड्याचं सांगतो. तीन वर्षांपूर्वी आम्ही चारोळी आणि डिंक एकत्र विकला, दर घरामागे थोडा पैसा बाजूला ठेवला. गावाचा निधी म्हणून एका कारभाऱ्याकडे दिला. सहा महिन्यांनी निम्मा पैसा नाही. लोक म्हणाले, खाल्ला. पुढच्या वर्षी अर्ध्या घरांनी माल व्यापाऱ्यालाच दिला. नंतर कळलं, पाड्यातली एक बाई बाळंतपणात अडली होती, तिला रात्री जीप करून धुळ्याला नेलं, त्यात पैसा गेला. ती बाई वाचली, मूल पण वाचलं. पैसा गावासाठीच गेला होता. पण कारभाऱ्याने कोणाला सांगितलं नाही. त्यांना वाटलं, चांगल्या कामाचा हिशोब काय द्यायचा? एक पै कोणी खाल्ली नाही आणि तरी आमची एकी मोडली.

आता आमच्याकडे वही आहे. दर अमावास्येला सातवीत शिकणारी एक पोरगी ती सगळ्यांसमोर वाचते. म्हातारे ऐकतात, बाया मध्येच थांबवून विचारतात, "हे वीस रुपये कशाचे?" कारभारी उत्तर देतात. जी घरं निघून गेली होती त्यातली बरीच परत आली आहेत. ज्याला स्वशासन म्हणतात ते मला तरी तिथे पहिल्यांदा दिसलं.

पुढची कामं

आज निम्मे साथी ऊसतोडीला आणि मजुरीला गेले आहेत. होळीला सगळे परत येतात. भोंगऱ्या बाजारानंतर आणि लोक पुन्हा बाहेर जायच्या आधी प्रत्येक पाड्यात सभा घ्या आणि एवढं करा:

१. गेल्या तीन वर्षांत आपल्या पाड्याच्या नावावर कोणती कामं झाली, किती रुपयांची, याची यादी पंचायतीकडे लेखी मागा. अर्जाची पोच घ्या. पोच दिली नाही तर संघटनेला कळवा.

२. हिशोब सभेत वाचल्याशिवाय खर्चाचा दाखला द्यायचा नाही. कोऱ्या कागदावर अंगठा द्यायचा नाही. जे बाहेरगावी आहेत त्यांची नावं सभेच्या वहीत "बाहेरगावी" अशी लिहून ठेवा, म्हणजे त्यांचा अंगठा दुसरा कोणी लावणार नाही.

३. आपल्या जंगलातून वर्षाला काय काय बाहेर जातं ते लिहा. मोह किती, चारोळी किती, डिंक किती, बांबूच्या गाड्या किती, काय भाव मिळाला. उद्या वाटा मागायचा तर कशाचा वाटा हे माहीत पाहिजे.

४. पाड्याच्या निधीची वही ठेवा. ती वाचायचं काम एका बाईकडे किंवा मुलीकडे द्या.

५. काका, दंडाच्या पावत्या. ज्यांच्याकडे आहेत त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा, छपरात खोचू नका, उंदीर खातात. ज्यांच्या हरवल्या त्यांनी दोन म्हाताऱ्यांचा जबाब लिहून घ्या.

ओगोनी लोक आपल्याला ओळखत नाहीत, रायनवाल्डचे लोक ओळखत नाहीत. पण त्यांना विचारलं तर ते पण हेच सांगतील. कोठीची किल्ली मागायची असेल तर आधी कोठीत काय आहे ते मोजून ठेवावं लागतं.

मी खाली बसतो. प्रश्न विचारा. आणि ज्यांना मी चुकलो असं वाटतं त्यांनी आधी विचारा.

जिंदाबाद!